बाहेर काय सांगता, ते आधी वाचा

तुमच्याकडे स्वतःचा एएस नंबर आहे, दोन कंपन्यांकडून लिंक घेतली आहे आणि राउटरवर बीजीपी चालू आहे, तर हे आवाहन तुम्हाला आहे. केबलच्या धंद्यातून इंटरनेटच्या धंद्यात आलेले, ‘सी’ वर्गाचा परवाना काढून जिल्ह्यापुरतं नेटवर्क उभं केलेले, विद्यापीठाचं किंवा सहकारी बँकेचं नेटवर्क अंगावर पडलेले असे कितीतरी लोक आज महाराष्ट्रात हे काम करतात. बहुतेकांनी बीजीपी काम करता करता शिकून घेतलंय. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तुमचा राउटर बाहेरच्यांना काय सांगतोय, ते एकदा उघडून बघा. ग्राहकांची तक्रार नाही, ट्रॅफिक नीट चाललंय, एवढ्यावर समाधान मानू नका. बाहेर जाणारी चूक आत बसून दिसत नाही.

ज्यांचा राउटरशी काही संबंध नाही, त्यांनीही वाचावं. तुमच्या कॉलेजने किंवा बँकेने ही लिंक घेतलेली असेल, तर चार प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हालाही आहे.

बीजीपीत प्रत्येक नेटवर्क शेजारच्या नेटवर्कला सांगतं, की अमुक पत्त्यांपर्यंत माझ्यामार्फत पोचता येईल. पत्त्यांच्या अशा एका गठ्ठ्याला प्रीफिक्स म्हणतात. शेजारी ते ऐकतो, आपल्या टेबलमध्ये लिहितो आणि त्याच्या शेजाऱ्याला सांगतो. असं करत करत आज जगभरचे दहा लाखांच्या आसपास प्रीफिक्स मोठ्या राउटरांच्या टेबलात येऊन बसतात. कर्क लॉगीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ साली ही पद्धत आखली तेव्हा इंटरनेट लहान होतं आणि नेटवर्क चालवणारी माणसं बहुधा एकमेकांना ओळखत होती. सांगणारा खरं सांगतोय का, हे तपासण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. ती जबाबदारी तेव्हापासून राउटर चालवणाऱ्यावर आहे, आणि ती पार पाडायची साधनं म्हणजे प्रीफिक्स-लिस्ट आणि रूट-मॅप.

ती पार पाडली नाही तर काय होतं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पेनसिल्व्हेनियातली अ‍ॅलेघेनी टेक्नॉलॉजीज ही खास प्रतीचे धातू बनवणारी कंपनी. इंटरनेट विकणं हा तिचा धंदाच नव्हे. तुमच्याआमच्यासारख्याच तिच्याकडे दोन लिंक होत्या: एक डीक्यूई कम्युनिकेशन्स या स्थानिक कंपनीची आणि दुसरी व्हेरायझनची. डीक्यूईच्या नेटवर्कमध्ये ट्रॅफिक इकडेतिकडे वळवणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते दुसऱ्यांच्या प्रीफिक्सचे तुकडे पाडून आतल्या वापरापुरते रूट बनवायचं. क्लाउडफ्लेअरचा १०४.२०.०.०/२० हा एक गठ्ठा त्याने दोन /२१ मध्ये तोडलेला होता. २४ जून २०१९ रोजी, आपल्याकडे दुपारचे चार वाजले असताना, हे तुकडे डीक्यूईकडून अ‍ॅलेघेनीकडे गेले. अ‍ॅलेघेनीच्या राउटरने ते जसेच्या तसे व्हेरायझनला सांगितले आणि व्हेरायझनने ते न गाळता पुढे जगाला सांगितले. सुमारे २,४०० नेटवर्कांचे २०,००० हून जास्त प्रीफिक्स त्यात होते. क्लाउडफ्लेअर, अ‍ॅमेझॉन, लिनोड यांच्याकडे निघालेलं ट्रॅफिक एका धातूच्या कारखान्याच्या लिंकमधून जाऊ पाहत होतं. क्लाउडफ्लेअरचं जगभरातलं सुमारे १५ टक्के ट्रॅफिक त्या वेळी गळालं. निस्तरायला दोन तासांच्या आसपास लागले.

यात तीन ठिकाणी गाळणी असायला हवी होती आणि तिन्ही ठिकाणी ती नव्हती. नंतर बोट व्हेरायझनकडे जास्त दाखवलं गेलं आणि ते योग्यच होतं. एवढ्या मोठ्या कंपनीने ग्राहकाकडून येणारे रूट तपासायलाच हवेत. पण मला त्या मधल्या कंपनीबद्दल बोलायचंय, कारण आपण सगळे त्या मधल्या जागी उभे आहोत. तिच्या राउटरवर बाहेर जाणारा चार ओळींचा रूट-मॅप असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

मोठ्या कंपनीचा राउटर इतक्या लहान ग्राहकाचं का ऐकतो, असं कुणालाही वाटेल. कारण पैशाचं आहे. तुमच्या अपस्ट्रीमला, म्हणजे तुम्हाला लिंक देणाऱ्या कंपनीला, एखादा प्रीफिक्स तीन वाटांनी कळला (ग्राहकाकडून, बरोबरीच्या पिअरकडून आणि त्याच्या स्वतःच्या अपस्ट्रीमकडून), तर तो ग्राहकाची वाट पसंत करतो, कारण त्या वाटेने गेलेल्या ट्रॅफिकचे त्याला पैसे मिळतात. त्यासाठी ग्राहकाच्या रूटला लोकल प्रेफरन्स जास्त दिलेला असतो, आणि लोकल प्रेफरन्स एएस-पाथच्या, म्हणजे वाटेत लागणाऱ्या नेटवर्कांच्या यादीच्या, लांबीच्या आधी बघितला जातो. म्हणजे तुम्ही ‘ब’ कंपनीकडून घेतलेलं सगळं टेबल चुकून ‘अ’ कंपनीला सांगितलंत, तर ‘अ’च्या राउटरला तुमची वाट लांबची असूनही चांगली वाटते. मग त्यांचं ट्रॅफिक तुमच्या एक किंवा दहा गिगाबिटच्या लिंकमध्ये शिरतं. लिंक भरते, पॅकेट गळायला लागतात, आणि सगळ्यांत आधी बंद पडतात ते तुमचेच ग्राहक. या प्रकाराला रूट लीक म्हणतात.

नियम सोपा आहे. स्वतःचे आणि आपल्या ग्राहकांचे प्रीफिक्स सगळ्यांना सांगायचे. अपस्ट्रीमकडून किंवा पिअरकडून कळलेलं फक्त आपल्या ग्राहकांना सांगायचं. दुसऱ्या अपस्ट्रीमला किंवा दुसऱ्या पिअरला कधीही नाही. मुंबईत निक्सी किंवा डीई-सीआयएक्स या इंटरनेट एक्सचेंजवर पिअरिंग करत असाल तर तिथेही हाच नियम.

आता रूट-मॅप हे कसं करतो ते जवळून बघू. रूट-मॅप म्हणजे क्रमांक दिलेल्या अटींची यादी. प्रत्येक क्रमांकाला परमिट किंवा डिनाय असा शेरा असतो. खाली मॅच म्हणजे कोणत्या रूटला हा शेरा लागू, आणि सेट म्हणजे जाऊ देताना त्यात काय बदल करायचा. राउटर प्रत्येक रूट लहान क्रमांकापासून तपासायला घेतो. जिथे पहिल्यांदा जुळतं, तिथला शेरा लागतो आणि त्या रूटची तपासणी तिथेच संपते. कुठेच जुळलं नाही तर रूट नाकारला जातो. हा शेवटचा नकार कुठे लिहिलेला दिसत नाही, पण तो असतो. तुमचं सगळं संरक्षण या न दिसणाऱ्या नकारावर उभं आहे.

समजा तुमचा प्रीफिक्स २०३.०.११३.०/२४ आहे (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, कुणाच्या मालकीचा नाही). ‘आमचे’ नावाच्या प्रीफिक्स-लिस्टमध्ये तेवढा एक परमिट करायचा. मग:

रूट-मॅप बाहेर-अ परमिट १०
मॅच आयपी अ‍ॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट आमचे

आणि ‘अ’ कंपनीच्या नेबरवर हा रूट-मॅप ‘आउट’ दिशेने लावायचा. झालं. जे ‘आमचे’मध्ये आहे ते जाईल, बाकी लाखो रूट शेवटच्या नकारापाशी थांबतील.

मोडतं कुठे, तेही सांगतो. रात्री लिंक चालू करायची आहे, पलीकडचा माणूस फोनवर आहे आणि तो म्हणतोय, तुमच्याकडून एकही रूट येत नाहीये. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. प्रीफिक्स-लिस्टमध्ये /२४ ऐवजी /२३ लिहिलेलं असतं, किंवा तो प्रीफिक्स तुमच्या स्वतःच्या राउटिंग टेबलमध्येच नसतो, त्यामुळे नेटवर्क स्टेटमेंट असूनही बीजीपी तो उचलत नाही. पण घाई असते. कुणीतरी सुचवतं, ‘खाली एक परमिट २० टाका, चालेल.’ परमिट २० टाकला जातो, त्याखाली मॅच काहीच नसतं. ज्या क्रमांकाखाली मॅच नाही तो सगळ्यांना जुळतो. त्या एका ओळीने शेवटचा नकार निकामी होतो. तुमचा प्रीफिक्स राउटिंग टेबलमध्येच नसेल तर तो तरीही जाणार नाही, पण ‘ब’कडून घेतलेलं पूर्ण टेबल मात्र जाईल. पलीकडच्या माणसाला रूट दिसायला लागतात, दोघंही सुटकेचा श्वास टाकतात आणि झोपायला जातात.

रिकामा परमिट सगळीकडे वाईट असतो असं नाही. आत येणाऱ्या दिशेला ‘हे चार नकोत, बाकी येऊ दे’ असं सांगताना तोच लागतो. तिथलं उदाहरण बघून लोक बाहेरच्या दिशेला तेच लिहितात, आणि घोळ तिथे होतो. अपस्ट्रीम किंवा पिअरकडे जाणाऱ्या रूट-मॅपमध्ये रिकामा परमिट दिसला, तर तो का आहे याचं उत्तर मिळेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही. तुम्हीही बसू नका.

दुसरी खोच प्रीफिक्स-लिस्टमधल्या डिनायची. लिस्टमध्ये एखाद्या प्रीफिक्सपुढे डिनाय लिहिलं म्हणजे तो फेकला गेला, असं अनेकांना वाटतं. रूट-मॅपच्या आतून लिस्ट वापरली, की त्या डिनायचा अर्थ ‘इथे जुळलं नाही’ एवढाच होतो. रूट पुढच्या क्रमांकाकडे जातो, आणि पुढे रिकामा परमिट असेल तर बाहेर पडतो. एखादा रूट नक्की अडवायचा असेल तर लिस्टमध्ये त्याला परमिट करा आणि रूट-मॅपच्या क्रमांकाला डिनाय द्या. ऐकायला उलटं वाटतं, पण लिस्टचं काम ओळख पटवण्याचं आहे आणि निकाल रूट-मॅप देतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही. तसंच, एकाच मॅच ओळीत दोन याद्या दिल्या तर एकीत सापडलं तरी पुरतं. मॅचच्या दोन वेगळ्या प्रकारच्या ओळी लिहिल्या, उदाहरणार्थ एक प्रीफिक्सची आणि एक कम्युनिटीची (रूटला लावलेल्या खुणेची), तर दोन्ही जुळाव्या लागतात.

सेटबद्दल इथे फार सांगत नाही. लोकल प्रेफरन्स बदलणं, एएस-पाथ लांबवणं, कम्युनिटी लावणं हे सगळं त्यातून होतं आणि ट्रॅफिक दोन लिंकांवर वाटायला उपयोगी पडतं. कम्युनिटी मात्र जरूर शिका. ग्राहकाचा रूट आत येतानाच त्याला खूण लावली, की बाहेर जाताना ‘स्वतःचे आणि या खुणेचे’ एवढंच परमिट करता येतं. पण ग्राहकाकडून आत येणारे रूटही त्याच्या प्रीफिक्सच्या यादीशी ताडूनच घ्या. नाहीतर त्याची चूक तुमची खूण लावून बाहेर जाईल.

गळतीची तिसरी वाट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. बीजीपीत ‘रिडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’ असं लिहिलेलं असेल आणि त्याला रूट-मॅप लावलेला नसेल, तर तुम्ही टाकलेला प्रत्येक स्टॅटिक रूट बीजीपीत शिरतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी काय झालं ते आठवा. देशात यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ हा रूट टाकला. तो देशातच राहायला हवा होता. तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूकडे गेला आणि तिथून जगभर. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ सांगत होतं. राउटर नेहमी लहान, नेमका तुकडा पसंत करतात, त्यामुळे जगाचं यूट्यूबचं ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळलं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून सतरा मिनिटं झाली होती. यूट्यूबने तोच /२४ आणि मग त्याचे दोन /२५ सांगून वाट परत मिळवायचा प्रयत्न केला. शेवटी पीसीसीडब्ल्यूने ते रूट काढून घेतले, तोवर सव्वादोन तास गेले होते. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली साइट बंद करण्याचे आदेश येतात, आणि एखाद्या पत्त्यावर हल्ला झाला की आपणही तो पत्ता नलकडे वळवतो, म्हणजे त्याचं ट्रॅफिक टाकून देतो. असे रूट टाकणाऱ्या प्रत्येकाने रिडिस्ट्रिब्यूटवर रूट-मॅप लावलाच पाहिजे. स्टॅटिक रूटला टॅग द्या आणि फक्त त्या टॅगचेच बीजीपीत घ्या.

हे सगळं दूरच्या देशांत घडतं असं समजू नका. १६ एप्रिल २०२१ रोजी संध्याकाळी सातच्या पुढे, भारतातल्या व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० ने आपल्या मालकीचे नसलेले ३०,००० हून जास्त प्रीफिक्स सुमारे दहा मिनिटं स्वतःचे म्हणून सांगितले होते. एवढ्या मोठ्या कंपनीत अनुभवी माणसं असतात, तरी हे होतं. म्हणून हुशारीवर विसंबून चालत नाही, गाळणी लिहिलेलीच लागते.

तुमचं यंत्र कुठलं आहे, यावर काही गोष्टी ठरतात. सिस्कोच्या जुन्या आयओएसवर नेबर जोडला आणि काहीच गाळणी लावली नाही, तर टेबलमधले सगळे निवडक रूट बाहेर जातात. ज्युनिपरवरही मूळ वागणूक तशीच. आयओएस-एक्सआर आणि एफआरआरच्या नव्या आवृत्त्या मात्र पॉलिसी लिहिल्याशिवाय बाहेरच्या नेबरशी एकही रूट देत-घेत नाहीत. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने सगळ्यांनी असंच वागावं असं म्हटलं आहे, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. मिक्रोटिकवर रूट-मॅपच्या जागी राउटिंग फिल्टर असतात. राउटरओएस ७ मध्ये फिल्टरची चेन लावलीत तर न जुळलेलं नाकारलं जातं. चेनच लावली नाही तर सगळं जातं. म्हणून रिकाम्या नेबरवर कधीच विसंबू नका. आधी गाळणी लिहा, ती नेबरवर लावा आणि मग सेशन उघडा.

आयपीव्ही६ विसरू नका. त्याची प्रीफिक्स-लिस्ट वेगळी, रूट-मॅप वेगळा लावावा लागतो. आयपीव्ही४ च्या बाजूला चोख काम आणि त्याच अपस्ट्रीमच्या आयपीव्ही६ नेबरवर काहीच नाही, हे चित्र पुष्कळ ठिकाणी सापडेल.

आता बघायचं कसं? सिस्कोवर ‘शो आयपी बीजीपी नेबर’, पुढे त्या नेबरचा पत्ता आणि ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड-रूट्स’. शेवटी एकूण आकडा येतो. तुमचे चार प्रीफिक्स असतील आणि आकडा चार असेल, तर एक एक ओळ वाचून खात्री करा. आकडा हजारांत किंवा लाखांत असेल तर त्याच रात्री दुरुस्त करा, सकाळची वाट बघू नका. मग बाहेरून बघा: बीजीपी.टूल्स किंवा राइपस्टॅट या मोफत साइटवर आपला एएस नंबर टाकला की स्वतःचे म्हणून तुम्ही जगाला कोणते प्रीफिक्स सांगताय ते दिसतं. हे काम राउटरचा पासवर्ड नसलेला माणूसही करू शकतो. कॉलेजच्या प्राचार्यांनी, बँकेच्या व्यवस्थापकांनी आपल्या माणसाला शेजारी बसवून एकदा हे पान उघडावं आणि विचारावं, यातलं सगळं आपलंच आहे ना?

दुरुस्ती करताना चालू रूट-मॅप पुसून पुन्हा लिहू नका. अर्धा लिहिलेला रूट-मॅप काय करील हे यंत्रायंत्रावर अवलंबून असतं. नव्या नावाने पूर्ण लिहा, दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, मग नेबरवर नवं नाव लावा आणि ‘सॉफ्ट आउट’ क्लिअर करा. सेशन तुटत नाही, ग्राहकाला कळतही नाही. त्यानंतर आकडा पुन्हा बघा.

आणखी एक विचार करा: दोन्ही अपस्ट्रीमकडून पूर्ण टेबल घेण्याची तुम्हाला खरंच गरज आहे का? जिल्ह्यापुरत्या नेटवर्कला बहुतेक वेळा डिफॉल्ट रूट आणि थोडे जवळचे रूट पुरतात. जे तुमच्याकडे आलंच नाही ते गळणारही नाही, आणि राउटरच्या मेमरीवरचा भारही उतरतो.

आरपीकेआयबद्दल विचाराल, तर जरूर करा. अपनिक किंवा आयरिनकडे आपल्या प्रीफिक्सचे आरओए बनवा. सातबाऱ्यावर नाव लागावं तशी ती नोंद आहे: हा प्रीफिक्स या एएस नंबरने सांगायचा. जास्तीत जास्त लांबी लिहिताना तुम्ही खरोखर सांगता तेवढीच लिहा. पण आरओएवरून मूळ सांगणारा कोण आणि प्रीफिक्सची लांबी किती, एवढंच तपासलं जातं. तुम्ही ‘ब’चं टेबल जसंच्या तसं ‘अ’ला सांगितलं तर त्यात मूळ मालकाचं नाव बरोबरच असतं, आणि तपासणी ते अडवत नाही. २०२२ च्या आरएफसी ९२३४ मध्ये दोन शेजाऱ्यांनी आपलं नातं, म्हणजे ग्राहक, पुरवठादार की पिअर, सेशन जोडतानाच एकमेकांना सांगायची सोय आली आहे आणि तिच्यामुळे अशी गळती ओळखता येते. पण सगळ्या यंत्रांत ती अजून नाही. तोवर रूट-मॅप लागतोच.

शेवटी, या आठवड्यात अपस्ट्रीमच्या एनओसीला, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या विभागाला, एक मेल लिहा. भाषा फार सजवू नका: ‘आमचा एएस नंबर अमुक. आम्ही आयपीव्ही४ चे हे आणि आयपीव्ही६ चे हे एवढेच प्रीफिक्स तुम्हाला सांगू. आमच्याकडून येणाऱ्या रूटवर कृपया याच यादीची प्रीफिक्स-लिस्ट लावा आणि मॅक्सिमम-प्रीफिक्सची मर्यादा दहा ठेवा. ती ओलांडली तर सेशन बंद केलेलं आम्हाला चालेल. लावल्यावर कळवा.’ काही कंपन्या दुसऱ्या दिवशी करून देतील, काहींना तीनदा आठवण करावी लागेल. आठवण करत राहा. नवा प्रीफिक्स घ्याल किंवा नवा ग्राहक जोडाल तेव्हा त्याच मेलच्या खाली सुधारित यादी पाठवा, आणि आपल्या बाजूच्या ‘आमचे’ लिस्टमध्येही त्याच दिवशी भर घाला.